हौसाचा उपास

कोल्हापूर स्टेशनाबाहेर टांग्यात पाय ठेवला नाही तोच टांगेवाल्यानं मान मागं वळवून विचारलं, "कुटनं आलासा? कुणाचं पावणं म्हणायचं तुमी?"

मी म्हटलं, "नाशिकच्या आम्ही. इथं कुणी नाही आमचं."

"आसं कसं कोन न्हाई?" घोडा चालायला लागला होता, पण ह्याचं लक्ष घोड्याकडं नव्हतंच. "भन, जाऊ, मामा, कोन तरी मिरजंकडचं, सांगलीकडचं आसंलच की."

आठवून आठवून मी सांगितलं, की माझ्या धाकट्या जावेचं माहेर मिरजेचं आहे.

"मग! आमच्या मिरजंचं पावणं झालासा की तुमी," असं म्हणून तो असा खूश झाला, की जणू मीच त्याची हरवलेली कुणी सापडले. शेजारी बसलेली सुमन खुदकन हसली आणि म्हणाली, "मावशी, टांग्यातच माझं काम सुरू झालं."

सुमन माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्याला कॉलेजात मानववंशशास्त्र शिकते. आमच्या आळीत हा शब्द कुणाला एका दमात म्हणता येत नाही, म्हणून मी आपली सांगते, माणूस असा का वागतो ते शोधायचं शास्त्र. आपल्या वागण्यातलं किती अंगातून आलं, म्हणजे आपले पूर्वज झाडावर राहायचे तेव्हापासून रक्तात उतरत आलं, आणि किती रीतीतून, म्हणजे आईबापांनी आणि गावानं शिकवलं, हे वेगळं करायचं. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं वाचनालयातून आणून, डाळ शिजेपर्यंतच्या वेळात वाचलं. तेव्हा सुमन म्हणाली, "मला कोल्हापूरकडच्या गावात थोडे दिवस राहायचंय, एकट्या मुलीला कोण घरात घेणार, तू येतेस का?" मी लगेच हो म्हटलं. तिकडं पाऊस किती असतो एवढं तरी विचारायला हवं होतं.

तिचा प्रश्न ऐकायला सोपा होता. आमच्या घरात मामाची मुलगी म्हणजे बहीण. तिच्याशी लग्न हे कानालासुद्धा सहन होत नाही. कोल्हापूरकडं मामाची मुलगी म्हणजे हक्काची नवरी. दुसरीकडं दिली तर आत्या रुसून बसते. रक्ताचं नातं तेच, देवानं दिलेलं अंग तेच. मग एकाला ती बहीण वाटते आणि दुसऱ्याला नवरी, हे कसं? पंडितांचं म्हणे यावर जुनं भांडण आहे. एक म्हणतो, लहानपणापासून एका घरात वाढलेल्यांना एकमेकांची तसली ओढ वाटतच नाही. तो निसर्गाचाच बंदोबस्त. दुसरा म्हणतो, निसर्गानं बंदोबस्त केला असता तर माणसानं नियम कशाला केले असते? ओढ असते, म्हणून तर बंदी असते. मला दोघांचंही पटायचं. सुमन म्हणायची, "म्हणून तर बघायला जायचं."

त्या संध्याकाळी कोल्हापुरात आम्ही धर्मशाळेत उतरलो. अंबाबाईचं दर्शन घेऊन परतताना रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या दिसल्या. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, गवळी तिथंच धार काढतो आणि फेसासकट पेला हातात देतो. मी आयुष्यात तापवल्याशिवाय दूध प्यालेली नाही. पेला धरून विचार करत उभी राहिले, तर गवळी म्हणाला, "आज्जी, प्या की. रेडकू काय तापवून पितंय व्हय?" मी प्याले. गरम, गोडसर, आणि ओठावर पांढऱ्या मिशा. सुमनला म्हटलं, "हेही लिही, की मावशीला किळस होती ती रीतीतली होती, पोटातली नव्हती." पोट रात्रभर शांत राहिलं, म्हणून हे शास्त्रीय.

सकाळी राधानगरीच्या वाटेवरची एस.टी. धरली. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. ते का, हे पुढं कळेलच. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती, एस.टी.ची लाल मोटार गावाकडच्या लोकांना अजून नवलाईची होती. कंडक्टर प्रत्येक म्हातारीला हात देऊन चढवत होता आणि शिव्याही देत होता. दोन्ही बाजूंना उसाची हिरवी भिंत, मग ऊस संपून भाताची खाचरं, आणि वर एकसारखा, घाई नसलेला पाऊस. भोगावतीचं पाणी रस्त्यावर आलं होतं, त्यामुळं मोटार गावाच्या अलीकडंच थांबली. उतरताना सुमनची ट्रंक कंडक्टरच्या हातून निसटली आणि चिखलात उघडी पडली. कपड्यांच्या आधी बाहेर आला तो तिचा लोखंडी चिमटा. डोक्याची लांबी-रुंदी मोजायचं तिच्या शास्त्राचं हत्यार.

आम्हाला न्यायला बैलगाडी घेऊन एक तरुण आला होता. उंचापुरा, तालमीत जाणारा, कान चिरडलेले. त्यानं चिमटा उचलला, उलटा-सुलटा बघितला, धोतराला पुसून मुकाट्यानं परत दिला. वाटेत मी त्याला दहा प्रश्न विचारले असतील. दहांना मिळून तो दोन शब्द बोलला: "व्हय" आणि "न्हाय." हा तानाजी. आम्ही ज्यांच्याकडं उतरणार होतो त्या आक्कांचा एकुलता एक मुलगा.

आक्का म्हणजे पन्नाशीची, आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची विधवा बाई. शेती, दोन म्हशी, गडीमाणसं सगळं तीच बघायची. सुमनच्या एका मैत्रिणीच्या वडिलांची ओळख होती, तेवढ्यावर तिनं आम्हाला घरात घेतलं. दारातच गूळ-पाणी दिलं, ओल्या लुगड्यांकडं बघितलं आणि आत हाक मारली, "हौसा, पाणी तापीव गं! नाशकाच्या आज्जी पार कोंबडीवानी भिजल्यात."

हौसा ही आक्काच्या भावाची मुलगी. भाऊ रामूअण्णा गडहिंग्लजच्या बाजूला राहणारे. हौसा तान्ही असतानाच तिची आई गेली. अण्णांनी दुसरं लग्न केलं नाही. तान्ही पोर आक्कानं उचलून आणली, ती इथंच वाढली. सतरा-अठरा वर्षांची, सावळी, हसताना तोंडावर पदर घेणारी. ती आक्काला "आत्ती" म्हणायची (आत्याला तिकडं कानडी वळणानं आत्ती म्हणतात). त्या रात्री जेवायला भाकरी, कुळथाचं माडगं (पातळ पिठलं म्हणा) आणि खर्डा होता. खर्डा म्हणजे मिरच्यांचा ठेचा. मी बोटाच्या टोकावर घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. हौसानं न सांगता माझ्या पानात दह्याची वाटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सुमननं चिमटा काढला आणि अंगणात तोबा गर्दी झाली. एक म्हातारबाबा सगळ्यांना सारून पुढं आले, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि टकलावर चिमटा लावून घेतला. सुमननं आकडा टिपला. म्हातारबाबा तसेच बसून.

"झालं बाबा," सुमन म्हणाली.

"माप झालं. फेटा कवा मिळणार?"

"फेटा नाही हो. हे नुसतं मोजायचं."

"नुसतं मोजून काय करतीस? शिंप्यानं आसं केलं तर गाव ठिऊन घील का त्येला?" सगळे हसले. पुढं आमच्या मुक्कामात त्यांनी मला दर भेटीत फेट्याबद्दल विचारलं.

चिमट्यापेक्षा वंशावळीचं काम चांगलं चाललं. कुणाचं कुणाशी लग्न झालं, नवरी कुठल्या नात्यातली, लहानपणी कुठं राहायची, असं विचारायचं. मामाची मुलगी केलेली जोडपी गावात पुष्कळ. आणि सांगायला हवं, सुखी दिसायची. एक पोक्त बाई तर लाजून म्हणाली, "वरसातनं एकदा जत्रंला दिसायचं की ह्ये. मी खांबाआडनं बघायची." सुमननं माझ्याकडं बघितलं. पुढच्या घरीही तेच: मामा दुसऱ्या गावचा, नवरी जत्रेला नाहीतर लग्नकार्यात दिसलेली. एका छपराखाली वाढलेलं जोडपं कुठं सापडेना.

आक्काच्या घराची पाळी आली तेव्हा आक्कानं वहीतली वर्तुळं बघून नाक मुरडलं. "ह्ये काय वडं काढल्यागत! थांब, म्या दावतो." तिकडं बायकाही कधीकधी "दावतो, करतो" असं बोलतात, कानाला गंमत वाटते. तिनं सोप्यात (पडवीत) जमिनीवर पुरुषांसाठी खडे आणि बायकांसाठी चिंचोके मांडले. आजा, आजी, ती स्वतः, रामूअण्णा. मग एक खडा ठेवला, "ह्यो माजा तानाजी." त्याला खेटून एक चिंचोका, "ही त्येची बायकू. हौसा."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. आक्का सांगत होती, "हिची आई मरताना माजा हात धरून म्हनली, वन्सं, पोरीला पदरात घ्या. म्या म्हटलं, पदरात घेतली. तुजी पोर माजी सून. तवाच डोळं मिटलं तिनं. आता पंचमीला अण्णा येतोय, तवा तीथ पक्की करायची. तुळशीचं लगीन झालं की बार उडवायचा."

तेवढ्यात हौसा केरसुणी घेऊन आली. खाली मान घालून सोपा झाडायला लागली आणि एका हातानं सगळे खडे, सगळे चिंचोके, आजा-आजीसकट, उंबऱ्याबाहेर लोटून दिले.

"आगं भवाने, डोळं फुटलं का?" आक्का ओरडली.

"दिसलं न्हाय आत्ती," हौसा म्हणाली. दिसलं नव्हतं असं मला वाटलं नाही.

सुमनचे डोळे मात्र चमकले. गावभर हिंडून जे मिळेना ते आम्ही उतरलो त्याच घरात होतं. तिच्या आनंदाचा मला त्या क्षणी थोडा रागच आला.

भाताची रोपं लावायची शेवटची दोन खाचरं उरली होती. आम्ही हौसाबरोबर शेतावर गेलो. डोक्यावर इरलं (पाना-बांबूचं पाऊस-टोपडं) घेऊन बायका ओणव्या होऊन गाणी म्हणत लावत होत्या. मी बांधावरून खाचरात उतरायला गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. दोघींनी दोन्ही हात धरून उपटलं मला, रोपासारखं. चप्पल आत राहिली ती राहिलीच. त्या हसण्याच्या ओघातच सुमननं हौसाला विचारलं, अगदी जसं इतरांना विचारायची तसं, "तानाजीबरोबर लग्न ठरलंय, तुला काय वाटतं?"

हौसा हातातली जुडी तशीच धरून उभी राहिली. म्हणाली, "आसं मला कुनी इच्यारलं न्हाय आजून."

"मी विचारतेय."

"काय वाटायचं बाई." ती आधी हसली. "त्येला खरूज झालती तवा म्या त्येला लिंबाच्या पाल्यानं आंगूळ घाटली. शाळंतनं पळून आला की गवताच्या गंजीत लपायचा, म्या भाकरी न्हिऊन द्याची. जुंधळ्याच्या कनग्यात आमी दोगं पडलो, आत्तीनं दोगास्नी एकाच फोकानं मारलं." मग हसणं थांबलं. "न्हवरा म्हंजे कसा, त्यो दारात आला की छातीत जरा कायतरी हुयाला पायजे का न्हाय? ह्यो दारात आला की मला वाटतं, भाकरी टाकाय पायजे. त्येच्या खोलीत जायाचं म्हटलं तर मला..." ती बोलायची थांबली. वाकली आणि रोप लावायला लागली. वाकूनच म्हणाली, "वकारी येती. आत्तीला सांगू नगासा. तिनं मला वाडीवलंय."

"आणि तानाजी?" मी विचारलं.

"त्यो आता तालमीतच झोपतोय की. चार म्हैनं झालं."

त्या दिवशी परतताना मी आणि सुमन वाटेतच भांडलो. मी म्हटलं, आक्काला सांगू या. सुमन म्हणाली, "नाही मावशी. आपण बघायला आलोय, बदलायला नाही. आपण हात घातला तर जे घडेल ते त्यांचं राहणार नाही, आपलं होईल. आणि ज्या घरात मीठ खातोय, तिथल्या बाईनं मेलेल्या भावजयीला दिलेला शब्द मोडा म्हणून सांगणार कोण आपण?"

तिचं म्हणणं चूक नव्हतं. मी म्हटलं, "मग तू विचारलंस कशाला तिला?" विचारणं म्हणजेही हात घालणंच, हे तिलाही तेव्हाच कळलं असावं. आम्ही दोघी चिखलानं माखलेल्या घरी आलो. मी एका पायानं अनवाणी, हे सांगायचं राहिलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी न्याहारीला हौसा बसली नाही. दुपारीही नाही. मला वाटलं, पोर रडते की काय. चुलीपाशी ती लाह्या भाजत होती. विचारलं, तर म्हणाली, "उपास हाय आज्जी. भावाचा."

हा उपास आमच्याकडंही आहे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणीनं भावासाठी धरायचा, नागोबाला भाऊ मानून दुसऱ्या दिवशी पुजायचं. पण हौसाला भाऊ कुठला? मी सहज म्हटलं, "तुला भाऊ नाही ना गं?"

तिनं लाह्या हलवता हलवता हनुवटीनं अंगणाकडं खूण केली. अंगणात तानाजी गाडीच्या चाकाला वंगण घालत होता.

"ल्हानपनापास्नं धरतो मी," ती म्हणाली. "समद्या पोरींस्नी भाऊ हुतं."

संध्याकाळी रामूअण्णा आले. दर पंचमीला भावानं बहिणीकडं यायचं, ती रीत. पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री, बोलणं कमी आणि मायाळू. पिशवीतून बहिणीला चोळीचा खण काढला, मुलीला कुरमुऱ्यांचे लाडू. "बाळ, बारीक झालीस की," म्हणाले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लेक आक्काच्या घरात राहणार, परक्याच्या दारात जाणार नाही, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्या चेहऱ्याकडं बघून माझाही धीर सुटला. वाटलं, सुमन म्हणते तेच बरं. उद्या तिथी ठरेल, परवा आपण निघू.

पंचमीला पहाटेपासून घरात विळी बंद, तवा बंद, शेतात नांगर-खुरपं बंद. जमिनीला आणि कशालाही इजा करायची नाही. सगळं उकडायचं. मी आणि आक्का पुरणाची दिंडं करत बसलो होतो. पोळीत पुरण घालून चौकोनी घडी घालायची आणि वाफेवर ठेवायची. बाहेर बायका वारुळाकडं निघायची तयारी करत होत्या. हौसानं भिंतीवर गेरूनं नागोबा काढला होता, छान वळणदार. आक्का कौतुकानं म्हणाली, "बगा की, हात कसा हाय पोरीचा. माज्या तानाजीचं नशीब."

मला काही बोलायचं नव्हतं, खरंच नव्हतं. पण तोंडातून एवढंच निघालं, "काल दिवसभर उपाशी होती बिचारी, त्याच्यासाठी."

"कुणासाटी?"

"तानाजीसाठी. भावाचा उपास धरते ना ती."

आक्काच्या हातातलं दिंड तसंच राहिलं. वाफेचं झाकण उघडं होतं, वाफ सगळी बाहेर चालली होती, ते तिच्या लक्षातच आलं नाही. मग ती हळू आवाजात बोलली. एवढ्या दिवसांत तिचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"पाच-सा वरसाची असंल. पंचमीला समद्या पोरी भावाचं नाव घिऊन नाचाय लागल्या. ही उंबऱ्यात बसून रडाय लागली, मला भाऊ न्हाई, मला भाऊ न्हाई. रडायची थांबंना. मला काम पडल्यालं. म्या म्हटलं, ह्यो की तुजा भाऊ, तान्या. ह्येचा धर उपास. मग डोळं पुसलं तिनं." आक्का माझ्याकडं बघत होती, पण मी तिला दिसत नव्हते. "मला वाटलं पोरीनं दोन वरसं धरला असंल, सोडला असंल. दर सालची पंचमीची गडबड, कोन जेवलं कोन न्हाई, म्या बगितलंच न्हाई. ही आजून..."

बाहेरून बायकांनी हाक मारली. आक्का उठली, ताट घेतलं आणि वारुळाला गेली. मीही गेले. दूध-लाह्या वाहिल्या, फुगड्या झाल्या, चिंचेला बांधलेल्या झोक्यावर पोरी आभाळाला पाय लावत होत्या. मलाही एकीनं फुगडीला ओढलं, दोन फेऱ्यांत मी बांधावर बसले. हौसा हात जोडून वारुळापुढं बराच वेळ उभी होती. आक्का तिच्याकडं बघत उभी होती.

जेवणं झाली. अण्णा सुपारी कातरायला बसले आणि म्हणाले, "मग आक्का, तीथ बगू या? भटजी म्हनत हुता..."

"अण्णा," आक्का म्हणाली, "तुज्या बायकूला म्या शबुद दिला, पोर सून करीन. आनि पोरीला म्या शबुद दिला, ह्यो तुजा भाऊ. दोनी शबुद माजंच. सांग, कंचा मोडू?"

अण्णांना कळेना. आक्कानं उपासाचं सगळं सांगितलं. तानाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तोही ऐकत होता. त्यालाही ते ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं.

"आगं, ल्हान पोरीचा खेळ त्यो," अण्णा म्हणाले. "मामाची पोर करत्यात न्हवं समदी? तू म्या काय नवं करतोय?"

"मामाची पोर करत्यात. पन ती मामाच्या घरात वाडल्याली आसती. ही माज्या चुलीपाशी वाडली. ह्या दोगास्नी म्या एका फोकानं मारलंय, अण्णा. आज सकाळी ह्येच्यासाटी ती नागोबाम्होरं हात जोडून हुबी हुती. तिला दिवाळी सरल्यावर त्येच्याच गळ्यात माळ घालाय लावू?"

"आनि मेलीला दिल्याला शबुद?"

"ती मला वर भेटली की भांडंल. भांडू दे. तिचं आईकून घीन मी. पन ही हितं जलमभर मुकी ऱ्हाईल, त्ये मला आईकवनार न्हाई."

अण्णांनी अडकित्ता मिटला. आवाज चढवला नाही, तेच जड गेलं सगळ्यांना. म्हणाले, "बरं. मग पोर माज्यासंगं येतीया. सून हुनार म्हनून इतकं दीस कुनी बोललं न्हाई. आता लगनाची पोर, परक्या तरण्या पोराच्या घरात ठिवली म्हनून गाव तोंड उघडंल. तिला जागा बगायची तर बापाच्या घरातनंच बगाय पायजे."

ह्याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. हौसा ताटं उचलत होती. ती ताटं घेऊन तशीच उभी राहिली. लग्न टळलं, आणि त्याच वाक्यात घरही गेलं. अण्णा बोलले ते खरं होतं, गाव असंच असतं. एका रीतीनं पोर सोडवली, दुसरीनं उचलून नेली.

दोन दिवसांनी आम्ही, अण्णा आणि हौसा एकाच एस.टी.नं कोल्हापूरला निघालो. आक्का फाट्यापर्यंत आली नाही. म्हशीची धार काढायची आहे म्हणाली. म्हैस तर सकाळीच पिळून झाली होती. फेटेवाले म्हातारबाबा मात्र आले आणि हौसाला म्हणाले, "पोरी, तिकडं ऱ्हाऊ नगंस लई दीस, गडहिंग्लजचं पाणी जड आसतंय." हौसाची ट्रंक खांद्यावर घेऊन तानाजी आमच्याबरोबर आला.

कोल्हापूरच्या स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीला वेळ होता. समोर एक कासार बांगड्यांची माळ मांडून बसला होता. पंचमीच्या बांगड्या भरायच्या राहून गेल्या होत्या. त्या गडबडीत कुणाला सुचणार? तानाजीनं ट्रंक खाली ठेवली आणि हौसाला पुढं ढकललं. कासारानं दोघांकडं बघितलं, हसला, हिरव्या बांगड्यांचा जुडगा उचलला. "मालकीनबाईस्नी हिरव्याच देऊ का?"

तानाजी म्हणाला, "मालकीन न्हवं. भन हाय माजी. तिला आवडत्यात त्या घाल."

इतकं लांब बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. हौसानं कासारापुढं हात केला. कासार मनगट दाबून एकेक बांगडी चढवत होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "तंग हाय का बाई?" त्यानं विचारलं. "व्हय, जरा तंग हाय," ती म्हणाली. बांगड्या सैल होत्या, मी बघत होते.

गाडी सुटली तेव्हा तानाजी तिच्याबरोबर चार पावलं धावला आणि ओरडला, "फुडल्या पंचमीला न्ह्याय येतो गं!" अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. राग होता, पण हात हलवला.

परतीच्या गाडीत मिरजेपर्यंत सुमन खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मावशी, मी काय लिहू? एका घरावरून नियम होत नाही. शिवाय आपण तिथं गेलो नसतो, विचारलं नसतं, तर काय झालं असतं हे कधीच कळणार नाही."

मी म्हटलं, "तसंच लिही. आपण विचारलं, हेही लिही."

माझं आपलं मला एवढं वाटलं. हौसाच्या जिवाला जे कळत होतं ते रीतीनं शिकवलेलं नव्हतं. रीत तर उलटंच सांगत होती. पण ते आक्कापर्यंत पोचलं कशातून? उपासातून, म्हणजे पुन्हा रीतीतूनच. "मला ओकारी येते" असं ती पोर आत्याला मरेपर्यंत म्हणाली नसती. अंगातलं आणि रीतीतलं वेगळं करायला आम्ही निघालो होतो. मला तरी ते दुधात साखर विरघळल्यासारखं दिसलं. चव कळते, बोट ठेवता येत नाही. सुमन म्हणते, शास्त्राला असं म्हणून चालत नाही. तिला चालू नयेच, ती तरुण आहे.

घरी आल्यावर आळीतल्या बायका जमल्या. अंबाबाई बघितलीत का, रंकाळा बघितलात का, असं विचारून झाल्यावर मी हौसाची हकीकत सांगितली. अर्ध्या जणी म्हणाल्या, पोरीचं बरोबर. आमच्या समोरच्या काकू, ज्यांचं लग्न नवव्या वर्षी झालं, त्या मान हलवत म्हणाल्या, "काय बाई नखरे. लग्न झालं की होते हळूहळू सवय."

मी म्हटलं, "काकू, सवय आधीच झाली होती हो. तिथंच तर सगळं अडलं."